जावा प्रोजेक्टचा टेम्प्लेट: आर्किटाइप, टेम्प्लेट रिपॉझिटरी की कॉपिअर?

डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लॉगिंग लायब्ररीच्या 2.15.0, 2.16.0, 2.17.0 आणि 2.17.1 अशा चार आवृत्त्या एका महिन्यात आल्या. ज्यांच्या प्रत्येक सर्व्हिसच्या पॉममध्ये (मेव्हन या बिल्ड साधनाच्या प्रोजेक्ट-फाइलीत) हा आवृत्तीचा नंबर टेम्प्लेटमधून, म्हणजे नव्या प्रोजेक्टच्या तयार साच्यातून, उतरला होता, त्यांना दर वेळी सगळ्या रिपॉझिटरी एकेक करून उघडाव्या लागल्या. म्हणून नवा प्रोजेक्ट किती झटपट उभा राहतो, एवढंच बघून टेम्प्लेट निवडू नका. टेम्प्लेट बदलला की तो बदल जुन्या प्रोजेक्टांत कसा पोचणार, हे आधी विचारा.

गिटहबची टेम्प्लेट रिपॉझिटरी सर्वात सोपी. सेटिंग्जमध्ये एक खूण केली की काम झालं. पण प्लेसहोल्डर, म्हणजे नावांसाठी सोडलेल्या जागा, भरले जात नाहीत: पॅकेजचं नाव, आर्टिफॅक्ट आयडी, अॅप्लिकेशन क्लास सगळं हाताने बदला. शिवाय नवी रिपॉझिटरी एकाच कमिटने सुरू होते, जुन्या इतिहासाशी तिचा संबंध नसतो. नंतर टेम्प्लेटमधून मर्ज करायला गेलात, तर गिट ‘अनरिलेटेड हिस्टरीज’ म्हणून नकार देतो. जबरदस्तीने केलंत तर फाइलमागे फाइल कॉन्फ्लिक्ट. सीक्रेट्स (पासवर्ड, टोकन) आणि ब्रँच प्रोटेक्शनचे नियमही येत नाहीत. चार-पाच सर्व्हिस असतील तर हे चालून जातं.

मेव्हन आर्किटाइप, म्हणजे मेव्हनचा स्वतःचा प्रोजेक्ट-साचा, जावाच्या घरचंच. पॅकेजप्रमाणे फोल्डर आपोआप बनतात, आर्किटाइपला आवृत्ती असते आणि तो नेक्सससारख्या जार साठवणाऱ्या रिपॉझिटरीत ठेवता येतो. चालू प्रोजेक्टवर ‘क्रिएट-फ्रॉम-प्रोजेक्ट’ ही आज्ञा चालवा, कच्चा आर्किटाइप टार्गेट फोल्डरमध्ये तयार मिळतो.

मात्र त्याचं टेम्प्लेट इंजिन व्हेलॉसिटी आहे, आणि त्रास तिथूनच होतो. व्हेलॉसिटीला ## म्हणजे ओळीची कॉमेंट. त्यामुळे रीडमीमधलं ‘## कसं चालवायचं’ हे शीर्षक नव्या प्रोजेक्टमध्ये गायब होतं आणि एररही येत नाही. तयार होणारा आर्किटाइप # आणि $ साठी पर्यायी व्हेरिएबल टाकून ठेवतो, पण नंतर तुम्ही हाताने घातलेल्या फाइलला ते संरक्षण नसतं. तिथे आर्किटाइपच्या मेटाडेटामधल्या फाइलसेटवर (फाइलींच्या गटावर) फिल्टर्ड ‘फॉल्स’ ठेवा, म्हणजे व्हेलॉसिटी त्या फाइलींना हात लावत नाही. दुसरी हमखास अडचण डॉट-गिटइग्नोरची (गिटने वगळायच्या फाइलींची यादी): मेव्हनचा रिसोर्सेस प्लगइन ती आपल्या डिफॉल्ट वगळणुकीत धरतो, म्हणून ती जारमध्ये पोचतच नाही. आर्किटाइपच्या पॉममध्ये या प्लगइनचं ‘अॅड-डिफॉल्ट-एक्सक्लूड्स’ फॉल्स करा.

एकदा प्रोजेक्ट तयार झाला की आर्किटाइपचा हात सुटतो, अपडेटची सोय नाही. ही उणीव पेरेंट पॉमने, म्हणजे सगळे प्रोजेक्ट ज्यातून सेटिंग घेतात अशा सामायिक पॉमने, भरून निघते, आणि आमच्या मते आर्किटाइप घ्यायचाच तर पेरेंट पॉमसकटच घ्यावा. लायब्ररी आणि प्लगइनच्या आवृत्त्या, कंपायलर सेटिंग, चेकस्टाइल (कोडच्या शैलीची तपासणी) सगळं पेरेंटमध्ये. टेम्प्लेटमध्ये फक्त पेरेंटच्या आवृत्तीचा एक नंबर आणि रिकामा सांगाडा. मग सुरक्षा अपडेट म्हणजे प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एका ओळीचा बदल, आणि तो रेनोव्हेट किंवा डिपेंडाबॉट हा आवृत्त्या अद्ययावत ठेवणारा बॉट पुल रिक्वेस्ट म्हणून आणून देतो.

पेरेंट पॉम डॉकरफाइल किंवा सीआयच्या (आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) वायएएमएल फाइलीपर्यंत पोचत नाही. तिथे कॉपिअर उपयोगी: प्रश्न विचारून टेम्प्लेटमधून प्रोजेक्ट बनवणारं हे पायथनमधलं साधन. दिलेली उत्तरं तो प्रोजेक्टमध्येच एका फाइलीत ठेवतो. ‘कॉपिअर अपडेट’ चालवलं की टेम्प्लेटचा जुना टॅग आणि नवा टॅग यांतला फरक तुमच्या बदलांसोबत जुळवतो. त्यासाठी तीन गोष्टी पाळाव्या लागतात: टेम्प्लेटला गिट टॅग हवेत, उत्तरांच्या फाइलीला हाताने हात लावायचा नाही आणि अपडेटपूर्वी सगळं कमिट केलेलं हवं. पॅकेजमधल्या ठिपक्यांचे फोल्डर करणं जिंजात (कॉपिअरच्या टेम्प्लेट भाषेत) आपणच लिहायचं, आणि टीममध्ये प्रत्येकाकडे पायथन लागतो.

दहापेक्षा जास्त सर्व्हिस आणि सीआय वारंवार बदलतं, असं असेल तर कॉपिअर आणि पेरेंट पॉम दोन्ही. मेव्हनबाहेर जायची तयारी नसेल तर आर्किटाइप आणि पेरेंट पॉम.

काहीही निवडा, टेम्प्लेटच्या सीआयमध्ये दर रात्री त्यातून एक प्रोजेक्ट बनवून ‘व्हेरिफाय’, म्हणजे मेव्हनची टेस्टसकट पूर्ण बिल्ड, चालवा. आर्किटाइपमध्ये हे आयतं आहे: टेस्ट रिसोर्सेसच्या ‘प्रोजेक्ट्स’ फोल्डरमध्ये एक उपफोल्डर, त्यात आर्किटाइप-डॉट-प्रॉपर्टीज आणि ‘व्हेरिफाय’ हा एकच शब्द असलेली गोल-डॉट-टीएक्सटी. आर्टिफॅक्ट आयडीत मुद्दाम एक हायफन ठेवा. त्या आयडीवरून जावा क्लासचं किंवा पॅकेजचं नाव बनत असेल, तर बिल्ड तिथेच मोडेल.