बोलेरो पिकअपमधला डेक : माल उत्तम, जोडणी मात्र तपासून घ्या

पिकअपसाठी आज म्युझिकचा डेक घ्यायचा तर सीडी नसलेला, ब्लूटूथ आणि यूएसबीवाला सिंगल डिन (एका खणाच्या ठरलेल्या मापाचा) डेक घ्यावा. नावाजलेल्या कंपनीचा असला तर वस्तूला पाचपैकी साडेचार गुण सहज द्यावेत. इंदूरमध्ये तो ज्या पद्धतीने बसवून मिळतो, त्या कामाला मात्र सरसकट अडीचच्या वर जाता येत नाही. स्टेशनच्या बाजूची दुकानं घ्या की देवास नाक्याची, एकाच दुकानात कारागीर बदलला की काम बदलतं, म्हणून इथे दुकानाच्या नावापेक्षा कामाची परीक्षा दिली आहे. चोइथराम मंडीतून कांदा-बटाटा भरणारी किंवा पीथमपूरला माल टाकणारी गाडी दिवसभर पळते. तिच्या डॅशमधली कच्ची जोडणी वर्षही टिकत नाही.

आधी मापं. सिंगल डिनचं तोंड साधारण 180 × 50 मिमी असतं आणि ज्या पत्र्याच्या चौकटीत डेक सरकतो तिला 182 × 53 मिमीचा गाळा लागतो. ज्या मॉडेलला कंपनीकडून म्युझिक येत नाही, तिथे या जागी प्लास्टिकचं झाकण किंवा उथळ खण असतो. तो काढून आतली खोली पट्टीने मोजा. सीडीवाल्या जुन्या डेकला 160 मिमीच्या वर खोली लागते, मेकलेस म्हणजे सीडीचं यंत्र नसलेला डेक 100 ते 120 मिमीत मावतो. हा फरक पिकअपमध्ये फार कामाचा, कारण मागे हीटरची नळी, वायपरचं लिंकेज किंवा वायरिंगचा जुडगा आलेला असतो. कपलर (वायरींचा प्लग) आणि वायरींना आणखी पाच-सहा सेंटीमीटर धरा. डेक शेवटचे दोन सेंटीमीटर जोर लावून ढकलावा लागत असेल तर मागे काहीतरी चेपलं जातंय, तिथेच थांबायचं.

खोक्यावरच्या वॅटवर जाऊ नका. सोनीच्या डीएसएक्स-ए410बीटीसारख्या डेकवर 55 × 4 (चार स्पीकरना प्रत्येकी 55 वॅट) लिहिलेलं असतं, इतरांवर 50 × 4. ही क्षणिक कमाल आहे. गाडी चालू असताना 14.4 व्होल्ट मिळतात. अशा बहुतेक डेकांच्या पाठीवर 10 ॲम्पिअरचा फ्यूज असतो, म्हणजे आत जाणारी वीजच 144 वॅट. त्यातून 200 वॅट सतत कसे निघणार? 4 ओहमच्या स्पीकरवर दर चॅनलला 20 वॅटच्या आसपास स्वच्छ आवाज मिळतो आणि सिंगल केबिनला तो भरपूर झाला.

बिननावाच्या स्वस्त डेकमध्येही बहुधा 7388 जातीचीच आयसी (आवाज वाढवणारी चिप) असते, त्यामुळे दुकानदार ‘आत माल तोच आहे’ म्हणतो ते अर्धं खरं आहे. आयसी तीच, पण तिच्या पाठीवरचा ॲल्युमिनियमचा तुकडा बोटभर. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो तापलेलाच असतो, वर आवाज वाढवला की डेक पंधरा मिनिटांत आपोआप गप्प होतो. हातात घेऊन दोन डेकांचं वजन आणि कडेचं हीटसिंक पाहिलं तरी निवड होते.

आता जोडणी. सगळी मेख इथे आहे.

रंग जवळपास सगळ्या कंपन्यांचे सारखे : पिवळी कायम चालू, लाल किल्लीवर, काळी अर्थ. निळी अँटेनाला, निळी-पांढरी अँप्लिफायरला, नारिंगी पार्किंग लाइटला. पुढचा डावा स्पीकर पांढरा, पुढचा उजवा करडा, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा. काळी रेघ असलेली ती त्या जोडीतली निगेटिव्ह. हे झालं डेकच्या बाजूचं. गाडीच्या बाजूच्या रंगांवर विश्वास ठेवायचा नाही, मल्टिमीटर लावायचा. किल्ली बंद असताना एका वायरवर 12.4 ते 12.6 व्होल्ट दिसले पाहिजेत, दुसरीवर शून्य. किल्ली फिरवल्यावर दोन्हींवर 12. टेस्ट लॅम्पनेही कळतं, पण ढिल्या जोडावर लॅम्प कसातरी पेटतो आणि फसवतो.

पिवळी आणि लाल उलटी लागली तर दर वेळी किल्ली काढल्यावर घड्याळ आणि लावून ठेवलेली स्टेशनं पुसली जातात. गिऱ्हाईक म्हणतं डेक खराब, दुकानदार म्हणतो कंपनीला पाठवू. दोन पिना अदलाबदल केल्या की काम होतं. चौकोनी आयएसओ कपलरात हा घोळ मुद्दाम तपासावा : कायम वीज आणि किल्लीची वीज चौथ्या व सातव्या पिनेवर असते, पण कोणती कुठे हे गाडीगणिक बदलतं. दुसरी वाईट सवय म्हणजे लाल आणि पिवळी एकत्र पिळून थेट बॅटरीवर देणं. मग किल्ली काढूनही डेक चालू राहतो, बटण दाबायला विसरलं की दोन-तीन दिवस उभी राहिलेली गाडी सकाळी धक्क्यावर जाते.

पिवळ्या वायरसाठी सिगारेट लायटरची वायर कापून घेणं हा इंदुरी फिटिंगचा आवडता जवळचा रस्ता. त्या वायरवर मोबाइल चार्जरही असतो, फ्यूज एकच, आणि चार्जरची खरखर डेकच्या आवाजात मिसळते. किल्लीच्या लाल वायरला ती चालेल, कारण तिथून फार करंट जात नाही. पिवळी मात्र फ्यूज बॉक्समधल्या स्वतंत्र जागेवरून किंवा सरळ बॅटरीवरून आणा, 1.5 चौरस मिमी तांब्याची, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात 15 ॲम्पिअरचा फ्यूज घाला. हिशेब सोपा आहे : तीन मीटर लांबीत 10 ॲम्पिअर खेचले तर 1.5 चौरस मिमीच्या वायरीत एका व्होल्टचा तिसरा हिस्सा जातो, 0.5 चौरस मिमीच्या वायरीत पूर्ण एक व्होल्ट. ढोलकीचा ठेका आला की डिस्प्ले मंद होतो तो याच कारणाने.

अर्थ म्हणजे काळी वायर. डॅशच्या प्लास्टिकमध्ये शिरणाऱ्या स्क्रूखाली ती दाबलेली सर्रास सापडते. तिथे लोखंड नावाचीच गोष्ट नसते, तरी डेक चालतो, कारण तो अँटेनाच्या जाळीदार वायरमधून अर्थ ओढून घेतो. रेस वाढवली की वाढणारी शीळ, एफएमवरची खरखर, वळणावर डेक बंद होऊन चालू होणं, सगळं यातून येतं. परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे : मागच्या आधारपट्टीचा नट आवळण्याआधी, डेक हातात मोकळा धरून, अँटेनाचा प्लग उपसा. डेक बंद पडला तर काळी वायर नावालाच लावलेली आहे. बरोबर काम म्हणजे डॅशमागच्या लोखंडी आडव्या पट्टीवरचा रंग कानसने खरवडायचा, गोल लग दाबून बसवलेली वायर दातेरी वॉशरसह बोल्टखाली घ्यायची, वरून ग्रीसचा ठिपका.

मग जोड. दोन वायरी पिळायच्या आणि काळी टेप गुंडाळायची, हे इंदूरच्या उन्हात चालत नाही. वर्षभरानंतर डॅश उघडला तर टेपचा गोंद पातळ होऊन वायरीवर चिकट काळा ओघळ झालेला असतो, टेप बांगडीसारखी मोकळी फिरते आणि उघडं तांबं शेजारच्या वायरीला टेकायच्या बेतात असतं. सोल्डर करून त्यावर उष्णतेने आवळणारी नळी घाला, किंवा योग्य पकडीने स्लीव्ह दाबून घ्या. एका डेकला दहा-बारा जोड होतात, कारागिराचा पाऊण तास जास्त जातो. त्याचे वेगळे पैसे मागितले तर आनंदाने द्यावेत. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीची वायर कापूच देऊ नका. गाडीच्या सॉकेटला बसणारा तयार कपलर काही शे रुपयांत मिळतो आणि पुढे डेक बदलतानाही तोच चालतो.

स्पीकरच्या निगेटिव्ह वायरी कधीही बॉडीला किंवा एकमेकींना जोडायच्या नाहीत. जुन्या टेपरेकॉर्डरच्या काळात एक वायर बॉडीवर देऊन काम भागायचं. आजच्या डेकमध्ये दोन्ही वायरींवर सहा-सात व्होल्ट असतात, बॉडीला लागली की डेक प्रोटेक्टवर जातो (स्वतःला वाचवायला बंद होतो) किंवा आयसी उडते. सिंगल केबिनला दोनच स्पीकर असतील तर पांढरी आणि करडी जोडी वापरा, हिरव्या-जांभळ्या जोडीचं प्रत्येक टोक वेगळं बंद करा, फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरमध्ये आवाज वाटणारी सेटिंग) पुढे घ्या. एका चॅनलवर 4 ओहमचे दोन स्पीकर समांतर लावले तर भार 2 ओहमचा होतो, आणि हे डेक तो सोसत नाहीत.

डेकच्या पाठीला आधारपट्टी हवीच. मागच्या टोकाला एक बोल्ट असतो, त्यावर भोकांची लोखंडी पट्टी लावून ती डॅशमागच्या पट्टीला आवळायची. दुकानात ही पट्टी खोक्यातच राहते. कारमध्ये खपून जातं, पण रिकाम्या पिकअपचे मागचे पाटे कसे आपटतात ते खड्ड्यांच्या रस्त्यावर कळतं. त्या हादऱ्यांनी चौकटीचे दुमडलेले कान उघडतात आणि डेक तोंड खाली करून लोंबतो. डेक बाहेर ओढायच्या दोन चपट्या चाव्या मिळतात, त्या आठवणीने मागून घ्या आणि गाडीच्या कागदांसोबत ठेवा.

दरवाजात स्पीकर बसवताना काच पूर्ण खाली करून मग खोली मोजा. सहा इंची स्पीकरला साधारण 55 ते 60 मिमी लागतात, काच अडत असेल तर चार इंची घ्या, प्लास्टिकची उंच रिंग लावून रेटू नका. आतला प्लास्टिकचा पडदा फाडला असेल तर पुन्हा चिकटवून घ्या, नाहीतर पहिल्याच पावसात कागदी कोन भिजतो. वायर बिजागरीपाशी रबरी नळीतून गेली पाहिजे. पोलॅरिटीसाठी दीड व्होल्टचा सेल स्पीकरला क्षणभर लावायचा : प्लसला प्लस लागलं की कोन बाहेर येतो. एक स्पीकर उलटा लागला तर आवाज असतो, ठेका नाहीसा होतो.

एफएमसाठी काचेवर चिकटणाऱ्या अँटेनापेक्षा खांबावरची लोखंडी काडी बरी. चिकटवायची असेल तर तिच्यातल्या बूस्टरला निळी वायर द्या, ती राहिली तर शहरातही 98.3 खरखरतं. सिमरोलच्या पुढे भेरूघाटात स्टेशन सुटतं तो डेकचा दोष नाही, एफएमच्या लहरी डोंगराआड वळत नाहीत.

पेन ड्राइव्ह एफएटी32 मध्ये फॉरमॅट करा, बरेच डेक दुसरं काही वाचत नाहीत. फोनवर बोलताना समोरच्याला डिझेलचा घरघराटच ऐकू जातो, म्हणून बाहेरच्या माइकची सोय असलेला डेक मिळाला तर तो घ्यावा आणि माइक एसीच्या झोतापासून दूर, खांबावर लावावा. नऊ इंची टचस्क्रीनसाठी डॅश कापू देऊ नये. कापलेला डॅश परत जुळत नाही, आणि धूळ त्या फटीतून कायमची आत येते.

पैसे देण्याआधी दुकानाचा डीजे ट्रॅक बंद करायला सांगा. त्या धडधडीत काहीच कळत नाही. देवासला राहिलेल्या कुमार गंधर्वांचं एखादं निर्गुणी भजन लावा : तानपुरा सुरू असताना डावीकडून-उजवीकडून सारखा ऐकू आला पाहिजे, गळा मधोमध यायला हवा, आणि दोन ओळींमधल्या शांततेत शीळ नको. मग इंजिन चालू करून रेस द्या, हेडलाइट, वायपर, ब्लोअर, हॉर्न एकेक लावून पाहा. स्टार्टर मारताना डेक क्षणभर बंद होणं ठीक आहे, तेवढ्यात घड्याळ पुसलं जाणं ठीक नाही. दोन्ही दरवाजे चार-पाचदा उघडून मिटा. शेवटी किल्ली काढून दहा मिनिटं थांबा आणि डेकचा दिवा खरंच विझलाय का ते बघूनच बिल चुकतं करा, बिलावर डेकचा सिरिअल नंबर लिहून घेऊन.