धर्मकाट्याच्या कोडवर सीपीपीचेक: काही महिन्यांचा अनुभव

इंदूरला सांवेर रोडवर आमचं छोटं युनिट आहे, धर्मकाट्याचे, म्हणजे भरलेला ट्रक तोलायच्या काट्याचे, वजन दाखवणारे इंडिकेटर बनवतो. आत सी-मधला जुना कोड, कित्येक हातांतून गेलेला. दिवाळीपासून त्यावर सीपीपीचेक चालवतोय, म्हणजे प्रोग्राम न चालवता नुसता कोड वाचून चुका शोधणारं टूल. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि कंट्रोलरच्या कंपायलरचं चमत्कारिक सिंटॅक्स बघून रुसून बसत नाही.

नुसतं चालवलं तर फक्त एरर दिसतात. वॉर्निंगचा स्विच दिला की खरा माल बाहेर येतो. आमच्याकडे निघालेला एक नग सांगतो. पावतीचा मजकूर ठेवायचा 64 बाइटचा ॲरे (बफर) फंक्शनला दिलेला, आणि आत त्यावर साइझऑफ (आकार सांगणारं) लावून मेमसेट (तेवढी मेमरी पुसणारं). पण फंक्शनमध्ये पोचेपर्यंत ॲरेचा पॉइंटर, म्हणजे नुसता पत्ता, झालेला असतो, 32 बिट कंट्रोलरवर तो 4 बाइटचा. म्हणजे पहिले चार बाइट पुसले, उरलेल्या साठांत मागच्या ट्रकची शिल्लक. मंडीतल्या काट्यावर पावतीच्या शेपटाला भलतीच अक्षरं येतात, ही तक्रार आजवर प्रिंटरच्या केबलवर ढकलली जायची! दुरुस्ती एका ओळीची: लांबी वेगळी पाठवा.

सगळं इतकं सरळ नसतं. ‘व्हेरिएबलला किंमत दिलेली नाही’ म्हटलं की हात शिवशिवतात, शून्य टाकून मोकळं व्हावं. टूल गप्प बसतं. पण लोडसेलचं (वजन मोजणाऱ्या सेन्सरचं) रीडिंग आलंच नाही तर काटा एरर दाखवण्याऐवजी शून्य किलो दाखवणार, आणि शून्य हे वैध वजन आहे. तिथे रीडिंग न आल्याची वाटच वेगळी लिहावी लागली.

डेबियन या लिनक्सचं प्रकरण बघा. टूल असल्याच न भरलेल्या मेमरीबद्दल कुरकुरलं म्हणून 2006मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीमधली ओळ काढली (ते टूल प्रोग्राम चालवून तपासणारं होतं, पण मोह तोच). गुप्त किल्ल्या बनवताना रँडमपणापुरता उरला नुसता प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रामचा नंबर), म्हणजे जेमतेम 32,768 शक्यता. उघडकीस आलं 2008मध्ये.

स्टाइलच्या सूचना मी बंदच ठेवल्यात, जुन्या कोडवर नुसता पाऊस पडतो. खोटी वॉर्निंग दाबायची तर त्या ओळीवर सप्रेसची कॉमेंट टाकतो आणि शेजारी कारण लिहितो. अख्ख्या प्रोजेक्टवर दाबत नाही.

मिस्राचा, म्हणजे सुरक्षित सी लिहायच्या नियमावलीचा, ॲडऑनही आहे, पण नियमांचा मजकूर कॉपीराइटमुळे सोबत येत नाही. त्याची फाइल वेगळी जोडेपर्यंत स्क्रीनवर नुसते नियमांचे आकडे. मूळ नियमावली विकत घ्यायचा विषय सेठजींकडे अजून काढलेला नाही.