पत्र खरं, जमीन दुसऱ्याची

स्कॉटलंडमध्ये पैसे भरून हरणाच्या मागावर जायचा बेत कुणी करत असेल, त्यातही भारतातून येणाऱ्या पाहुण्यांसाठी, तर हे आधी वाचा. आम्हाला ज्याने गंडवलं तो पैसे घेऊन पसार झाला नव्हता. ठरल्या वेळी हजर झाला, हरणं दाखवली, एक मारूही दिलं. जागा मात्र त्याच्या हक्काची नव्हती आणि रायफल होती आमच्या दाजींच्या हातात.

मी ॲबरडीनला तेल कंपन्यांच्या कामात आहे. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, पन्हाळ्याच्या बाजूचे. ऊस, म्हशी आणि रायफल क्लब यांवर त्यांचा जीव. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते सोडून काळवीट धरत, त्या गोष्टी त्यांनी आजोबांकडून ऐकलेल्या. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि तो विषय बंद झाला. दाजींनी त्यामुळे जन्मभर नेम धरला तो कागदावर. इकडे यायच्या आधीच फोनवर फर्माईश झाली होती, "पाव्हणं, किल्ले-बिल्ले राहू द्या, तेवढं डोंगरातल्या हरणाचं जमवा."

शिकार म्हटल्यावर ज्यांच्या कपाळाला आठी पडते त्यांच्यासाठी दोन ओळी. स्कॉटलंडमधले लांडगे काही शतकांपूर्वीच संपले. हरणांना खाणारं कुणी उरलं नाही आणि आज त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात असल्याचं सांगितलं जातं. नवं झाड उगवलं की ती खातात. त्यामुळे डोंगराळ भागातल्या इस्टेटी, म्हणजे मोठ्या खासगी जमिनी, दरवर्षी ठराविक हरणं मारतातच, आणि त्यातली काही पैसे भरणाऱ्या पाहुण्यांना स्टॉकरच्या, म्हणजे शिकारीच्या वाटाड्याच्या, सोबतीने मारू देतात. ज्यांना तरीही पटत नाही त्यांच्याशी माझा वाद नाही. माझ्या बायकोलाही पटत नाही.

कायद्याची गंमत अशी की रानातलं जिवंत हरीण इथे कुणाच्याच मालकीचं नसतं. ते मारण्याचा हक्क मात्र जमिनीला चिकटलेला असतो. मालकाचा, किंवा मालकाने ज्याला तो दिलाय त्याचा. आम्हाला गंडवणाऱ्याचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा होता.

जाहिरात सोशल मीडियावर होती. धुक्यातले डोंगर, हसणारे पाहुणे, आणि "खासगी जमीन, अनुभवी वाटाड्या". दर म्हणाल तर मादी मारायच्या एका फेरीला माणशी ३५० पौंड, सोबत नुसतं बघायला येणाऱ्याचे ६०. हा दर संशय यावा इतका स्वस्त नव्हता, बाजारभावाच्या जरासा खाली होता. निम्मे पैसे आगाऊ, थेट बँक खात्यात, आणि खातं त्याच्या स्वतःच्या नावाचं.

मी प्रश्न विचारले. त्याची उत्तरं तयार होती, आणि प्रत्येक उत्तरात अर्धं खरं होतं. परदेशी पाहुण्याला बंदुकीचा परवाना लागत नाही का? "नाही लागत, माझी रायफल वापरायची, मी शेजारी असतो." हे खरं आहे. १९६८ च्या फायरआर्म्स कायद्यात तशी सवलत आहे. पण ती कधी लागू होते, तर रायफल देणाऱ्याला त्या जमिनीवर शिकारीसाठी माणसं आणण्याचा हक्क असेल, किंवा हक्कदाराने त्याला तसं लेखी दिलं असेल तेव्हाच. तो हक्क नसेल तर सवलत उडाली. मग उरतो तो विनापरवाना रायफल हातात असलेला एक परदेशी माणूस, आणि त्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. हा पुढचा भाग तो सांगत नाही.

लेखी परवानगी मागितली तर त्याने पत्राचा फोटो पाठवला. शेताच्या मालकाची सही, तारीख चालू वर्षाची, खाली फोन नंबर. पत्र अस्सल होतं. नंतर पोलिसांनीच सांगितलं की त्या शेतकऱ्याने त्याला पिकात घुसणारी रो जातीची छोटी हरणं मारायला खरोखर परवानगी दिली होती. फक्त ते शेत होतं खाली दरीत आणि आम्हाला नेलं ते वरच्या इस्टेटीच्या डोंगरावर. एका गटाचा सातबारा दाखवून शेजारच्या गटातला ऊस तोडावा, तसला प्रकार.

नोव्हेंबरातली पहाट. ॲबरडीनहून पश्चिमेला दीडेक तासावर, मुख्य रस्त्याच्या कडेला गाड्या थांबवायच्या जागेत भेटायचं ठरलं होतं. इस्टेटीचं ऑफिस नाही, घर नाही, अंगण नाही. त्याने आमची गाडी तिथेच ठेवायला लावली, त्याच्या पिकअपमध्ये बसवलं आणि लाकडाच्या ओंडक्यांच्या थप्पीमागे नेऊन ती उभी केली. फाटकाला कुलूप होतं. "किल्ली विसरलो," म्हणाला आणि वरून उडी मारली. फोन गाडीत ठेवा, हरणं बुजतात, असंही म्हणाला. दाजी माझ्या कानात पुटपुटले, "हे बेणं फाटकावरनं लई सराईत उतरतंय."

दाजींना सगळ्यात जास्त खटकलं ते टार्गेट. इथल्या कुठल्याही रीतसर इस्टेटीवर पाहुण्याला डोंगरावर न्यायच्या आधी निशाण्यावर गोळ्या झाडायला लावतात. साधारण शंभर यार्डांवर कागद किंवा लोखंडी पत्रा असतो. पाहुण्याचा हात किती स्थिर आहे हे स्टॉकरला कळतं आणि रायफलची दुर्बीण जुळलेली आहे की नाही तेही. हात थरथरला तर नेत नाहीत, पैसे भरलेले असोत नसोत. दाजी क्लबातले, त्यांनी स्वतःहून विचारलं. उत्तर आलं, "आवाजाने हरणं पांगतील." ऐकायला पटतं. सावध व्हायला नको होता तो खरा स्टॉकर, हे आम्हाला दुपारी कळलं.

चढण, चिखल, हेदरची ओली झुडपं. त्याचं काम त्याला येत होतं, हे कबूल करायला हवं. वारा तोंडावर घेऊन त्याने आम्हाला एका ओढ्याच्या पोटातून वर काढलं, शेवटचा भाग पोटावर सरपटत. समोर रेड डिअर या मोठ्या हरणाच्या सात-आठ माद्या चरत होत्या. त्याने दाजींपुढे रायफल ठेवली, एका मादीकडे बोट केलं आणि हळूच म्हणाला, "ती, आडवी उभी आहे ती." तिच्या मागे पाडस होतं. दाजींनी मान हलवली, दुसरी दाखव म्हणाले. तो म्हणाला, हीच, लवकर, पाडस आता मोठं झालंय, त्याचं ते जगतं. त्याच्या शब्दावर दाजींनी गोळी झाडली. मादी जागीच बसली. कळप उधळला आणि पाडस थोडं पळून परत वळून उभं राहिलं.

खरा स्टॉकर हे करत नाही. नोव्हेंबरात पाडस आईवरच असतं. आई मारायची तर आधी पाडस मारायचं आणि मग आई, नाहीतर पाडस नसलेली मादी निवडायची, हा या धंद्यातला साधा नियम आहे. आई गेलेलं पाडस हिवाळ्यात सहसा तगत नाही. आमच्या माणसाला दुसरी गोळी परवडणारी नव्हती. रायफलला सायलेन्सर होता तरी दोन आवाज म्हणजे दुप्पट धोका. घाईघाईत त्याने पोट फाडलं, आतडी तिथेच टाकली आणि ओढत खाली न्यायला सुरुवात केली.

ओंडक्यांच्या थप्पीपाशी आठ चाकांची आर्गो गाडी आडवी लावलेली होती. तिच्यावर साठीचा एक माणूस आणि दोन कुत्री. त्या जमिनीचा पगारी स्टॉकर. त्याने पहिल्यांदा जनावराचे सड पाहिले, दूध होतं. मग आमच्याकडे वळून विचारलं, "हिचं पाडस कुठाय?" परवानगी, नाव, पैसे, हे सगळं नंतर. वाटाड्या बोलत होता की हे माझे मित्र आहेत, हद्द चुकली, धुकं होतं. धुकं कुठेच नव्हतं. त्या म्हाताऱ्याने आधीच १०१ ला, म्हणजे पोलिसांना, फोन केलेला होता.

पुढचे काही तास मी विसरणार नाही. रायफल जप्त झाली, आमचे वेगवेगळे जबाब झाले. दाजींच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं ते एकच, व्हिजिटर व्हिसा आणि पासपोर्ट. १९९६ च्या डिअर (स्कॉटलंड) कायद्याप्रमाणे हक्क किंवा परवानगी नसताना हरीण मारणं हा गुन्हा आहे, आणि गोळी कुणी झाडली हे दाजींनी स्वतःच सांगून टाकलेलं. आम्ही त्यातून सुटलो ते जाहिरात, आमचे निरोप, पत्राचा फोटो आणि पैसे भरल्याची नोंद हे सगळं माझ्या फोनमध्ये जसंच्या तसं होतं म्हणून. त्याने जाहिरात त्याच संध्याकाळी काढून टाकली. माझ्याकडे स्क्रीनशॉट होते. आमच्यावर गुन्हा दाखल झाला नाही, आम्हाला साक्षीदार धरलं. त्याचं प्रकरण पोलिसांनी प्रोक्युरेटर फिस्कलकडे, म्हणजे इथल्या सरकारी वकिलाकडे पाठवलं.

जबाब चालू असताना तो आणखी एक तुणतुणं वाजवत होता, स्कॉटलंडमध्ये कुणालाही कुठेही फिरता येतं. भारतातून आलेल्या पाहुण्यांना हे फार आवडतं, म्हणून सांगतो. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने चालायचा, सायकलचा, तंबू ठोकायचा हक्क खरंच दिला आहे. शिकार, नेमबाजी आणि मासेमारी त्यातून स्पष्ट वगळली आहे.

आता पैसे. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये नियम आहे की फसवून बँक ट्रान्सफर करायला लावलं तर बँकेने ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यावी. मी अर्ज केला. बँकेचं उत्तर वाचून हसावं की रडावं कळेना. तुम्हाला सेवा मिळाली, हरीण मारलं गेलं, त्यामुळे ही फसवणूक नसून तुमच्या दोघांतला व्यवहाराचा वाद आहे! आणि अशा वादांना तो नियम लागू नाही. पैसे घेऊन पळून गेला असता तर बरं झालं असतं, असं म्हणायची पाळी. हेच आगाऊ पैसे क्रेडिट कार्डाने दिले असते तर १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट कायद्याचं कलम ७५ हाताशी होतं. शंभर पौंडांवरच्या किमतीच्या व्यवहारात कार्ड कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार धरता येते. अर्थात हा इसम कार्ड घेतच नव्हता, आणि का घेत नव्हता ते आता उघड आहे.

तेव्हा बेत करणाऱ्यांनो, वाटाड्याच्या अनुभवाची चौकशी सोडा, जमिनीची करा. नकाशावरचा ग्रिड रेफरन्स, म्हणजे जागा दाखवणारा आकडा, मागा, आपण कुठून चढणार आणि कुठवर जाणार ते. पत्रावर लिहिलेली जागा आणि तो आकडा ऑर्डनन्स सर्व्हेच्या (इथल्या सरकारी नकाशा संस्थेच्या) नकाशावर जुळवून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे. मग जमिनीच्या मालकाला किंवा इस्टेट ऑफिसला फोन करा, पण नंबर आपला आपण शोधून, पत्राखालचा नव्हे. आमच्या पत्राखालचा नंबर खऱ्या शेतकऱ्याचा होता आणि त्याने "हो, मीच दिलीय परवानगी" असंच सांगितलं असतं. म्हणून जागा सांगून विचारायचं, नाव सांगून नाही. हंगामही तपासा. रेड डिअरच्या माद्यांचा स्कॉटलंडमधला हंगाम २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी आहे, नरांना २०२३ पासून बंद हंगाम उरलेला नाही, आणि इंग्लंडच्या तारखा वेगळ्या आहेत. सूर्यास्तानंतर तासाभराने कुणी थर्मल दुर्बीण काढून "आता खरी मजा" म्हणाला तर तिथूनच परत फिरा. रात्रीच्या शिकारीला नेचरस्कॉट या सरकारी निसर्गसंस्थेची वेगळी मंजुरी लागते आणि ती हौशी पाहुण्यांसाठी नसते.

मारलेलं जनावर कुठे जाणार हेही विचारून ठेवा. रीतसर ठिकाणी ते लार्डरमध्ये, म्हणजे मांस ठेवायच्या थंडगार खोलीत, टांगतात, वजन होतं, ठिकाण आणि तारखेची चिठ्ठी लागते. आमचं ताडपत्रीखाली जाणार होतं. शिंगं भारतात पाठवून देतो असं कुणी गोड बोललं तर त्याचे वेगळे पैसे देऊ नका. वन्यप्राण्यांच्या अवयवांच्या आयातीवर आपल्याकडे बंधनं आहेत, कस्टममध्ये अडकेल तो तुमचा पाहुणा.

हे सांगायला लागल्यापासून ओळखीच्यांकडून इतर तऱ्हाही कानावर आल्या. एकच दिवस दोन गटांना विकणारे, आगाऊ घेऊन आदल्या रात्री "हवामान खराब" म्हणून गायब होणारे, इस्टेटीला तसंही काढायचं असलेलं म्हातारं जनावर ट्रॉफीच्या भावात देणारे. तिथे बुडतात ते पैसेच.

बँकेच्या अंतिम उत्तरावर मी फायनान्शियल ओम्बुड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या संस्थेकडे, तक्रार केली आहे. ती फुकट असते, मात्र बँकेने उत्तर पाठवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावी लागते. निकाल यायचाय. दरम्यान तीच जाहिरात नव्या नावाने पुन्हा दिसली, दर ३८० पौंड, आणि फोटोत तेच कुलूपवालं फाटक. स्क्रीनशॉट मी जबाब घेणाऱ्या पोलिसाला पाठवला आहे. रस्त्याच्या कडेला भेटू, टार्गेटची गरज नाही आणि फोन गाडीत ठेवा, असं कुणी एका दमात सांगितलं तर तो बहुधा हाच.