मेरियम-वेबस्टर ॲप: बायोलॉजीच्या पोरांनी फोनमध्ये ठेवावंच असं

मी अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. बरीच पोरं दहावीपर्यंत मराठी मीडियमला असतात आणि अकरावीत एकदम सगळं इंग्लिश अंगावर येतं. विषय येतो हो त्यांना, पण शब्द तोंडातून निघत नाही म्हणून उत्तर माहीत असूनही गप्प बसतात, आणि ते बघवत नाही. त्यांना मी मेरियम-वेबस्टरचं डिक्शनरी ॲप सांगते. फ्री आहे, जाहिराती येतात, तरी फ्रीवालंच भरपूर झालं.

एकच शब्द घ्या, माइटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणारे बारीक भाग. मूळ नोंद माइटोकॉन्ड्रिऑन अशी आहे, म्हणजे एक असेल तर शेवटी ऑन आणि अनेक असतील तर आ, हे बघताबघता कळून जातं, कारण 'एक माइटोकॉन्ड्रिया' असं तर चांगली शिकलेली माणसंपण म्हणतात. स्पीकरवर टॅप केलं की उच्चार ऐकू येतो, जोर 'कॉन'वर. सीएच असूनही च नाही, क. का, तर खाली शब्दाचा उगम दिलाय, ग्रीक मिटोस म्हणजे धागा आणि कॉन्ड्रिऑन म्हणजे बारीकसा कण. ग्रीकमधून आलेल्या सीएचचा बहुतेक वेळा क होतो, हे एकदा डोक्यात बसलं की क्रोमोसोम, क्लोरोफिल, ट्रेकिया, कॉक्लिया सगळे सुटतात, पाठ करत बसायला नको.

आणि आता आपलं शाळेचं पुस्तक आठवा, तिथे तंतुकणिका आहे! तंतू आणि कणिका, ग्रीकमध्ये जे आहे तेच. मायटोसिस म्हणजे पेशीचं विभाजन, त्यातपण तोच मिटोस, आणि मराठीत सूत्री विभाजन, परत धागाच. मराठीतून शिकलेल्या पोराला हा अर्थ आधीपासून माहीत असतो, फक्त कुणीतरी जोडून दाखवायला पाहिजे. मला हे सांगताना दरवेळी भारी वाटतं.

एक गोष्ट मात्र पोरांना समजावून सांगा. ॲपमध्ये पहिल्या वापराचं वर्ष दिसतं ते इंग्लिशमधल्या वापराचं, शोधाचं नाही. माइटोकॉन्ड्रिया हा शब्द केला जर्मन शास्त्रज्ञ कार्ल बेंडाने 1898 मध्ये, शुक्रपेशी तयार होताना त्याला हे कण धाग्यासारखे ओळीने दिसले म्हणून. त्याआधी 1890 मध्ये रिचर्ड आल्टमनने यांनाच बायोब्लास्ट म्हटलं होतं, ते नाव टिकलं नाही. हा सगळा इतिहास डिक्शनरीत नसतो, तो शिक्षकानेच सांगायचा.

उच्चार अमेरिकन आहे, त्यामुळे 'कॉन' जरा 'कान'कडे झुकलेला ऐकू येतो. बिचकू नका, आपल्याकडे कॉनच म्हणतात आणि प्रॅक्टिकलच्या व्हायव्हाला तेच म्हणा. व्याख्या साध्या इंग्लिशमध्ये नसतात, एका अवघड शब्दाचा अर्थ बघायला गेलं की त्यात दुसरे दोन अवघड निघतात, सुरुवातीला वैताग येईल. आणि मराठी अर्थ मिळणार नाहीच, त्यासाठी महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचा जीवशास्त्र परिभाषा कोश ऑनलाइन आहे, तोपण फुकट. मी दोन्ही शेजारी शेजारी उघडायला लावते. पाचपैकी चार स्टार, उच्चार आणि उगमासाठी मात्र पूर्ण पाच.