ईयूचा निर्बंध-नकाशा: फुकट आहे, कामाचा आहे, पण शेजारी त्यात दिसत नाहीत

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतून (गुजरातची औद्योगिक वसाहत) युरोपकडे माल पाठवणाऱ्यांच्या एक्सपोर्ट खात्यात युरोपीय संघाचा (ईयूचा) ‘ईयू सँक्शन्स मॅप’, म्हणजे संघाचे कोणावर कोणते निर्बंध आहेत ते दाखवणारा ऑनलाइन नकाशा, उघडून ठेवायला हरकत नाही. छदाम खर्च नाही. रशियावर किंवा बेलारूसवर क्लिक केलं की मालमत्ता गोठवणं, शस्त्रबंदी, प्रवेशबंदी, विशिष्ट मालावरची बंदी अशी खाती समोर येतात आणि प्रत्येकाखाली मूळ कायद्याची लिंक असते. दहशतवाद, सायबर हल्ले, रासायनिक शस्त्रं हे देशाला न चिकटलेले निर्बंध वेगळे काढून ठेवलेत, तेही शहाणपणाचं. नकाशा माहितीपुरता आहे, बंधनकारक फक्त संघाचं राजपत्र, हे तिथेच सांगितलेलं आहे.

गोची पुढे आहे. हा नकाशा २७ सदस्य देशांनी काय ठरवलं ते सांगतो. आपली पार्टी मात्र बेलग्रेडची, इस्तंबूलची किंवा तिबिलिसीची असू शकते. त्या देशाने संघाचा निर्णय उचलला की नाही, हे नकाशावर कळत नाही. त्यासाठी दुसरा कागद वाचावा लागतो: संघाच्या परराष्ट्र धोरणाच्या उच्च प्रतिनिधींचं ‘अलाइनमेंट’ (म्हणजे संघाच्या निर्णयाशी जुळवून घेतल्याचं) निवेदन. ते सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेच्या संकेतस्थळावर प्रेस रिलीजमध्ये मिळतं.

निवेदन जेमतेम अर्ध्या पानाचं असतं. आधी परिषदेच्या निर्णयाची तारीख आणि क्रमांक, मग त्यात काय बदललं, मग सामील झालेल्या देशांची नावं आणि आपलं राष्ट्रीय धोरण त्याला जुळवून घेण्याची हमी. मॉन्टेनेग्रो, अल्बानिया, उत्तर मॅसेडोनिया आणि नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनश्टाइन ही नावं बहुतेक वेळा असतातच. वाचायची ती गाळलेली नावं. रजिस्टरमध्ये निर्णयाचा क्रमांक लिहून समोर देशांची खूण करावी. क्रमांक सोडून नुसतं ‘रशिया’ लिहिलंत तर सहा महिन्यांनी कोणत्या पॅकेजबद्दल (निर्बंधांच्या कोणत्या संचाबद्दल) होतं ते कुणालाच आठवणार नाही.

दोन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिली वेळेची: निर्णय आज होतो, निवेदन बहुधा काही आठवड्यांनी येतं. मधल्या काळात यादी कोरी दिसली म्हणून तो देश बाहेर आहे असं धरू नये. शिवाय निवेदन ही राजकीय हमी असते. त्या देशात बंदी लागू होते ती त्याच्या स्वतःच्या कायद्याने. दुसरी फसगत टक्केवारीची. सदस्यत्वाच्या वाटाघाटीत ३१ वं प्रकरण परराष्ट्र, सुरक्षा आणि संरक्षण धोरणाचं असतं, आणि युरोपीय आयोगाच्या वार्षिक अहवालात प्रत्येक उमेदवार देश संघाच्या धोरणाशी किती टक्के जुळला ते छापतात. त्यात नुसती शाब्दिक निवेदनं आणि प्रत्यक्ष निर्बंध एकाच तागडीत मोजलेले असतात. सर्बियाचा २०२३ चा आकडा निम्म्याच्या आसपास होता, पण रशियावरच्या आर्थिक निर्बंधांत तो सामील नाही. बेअरिंग विकणाऱ्याला त्या निम्म्याचं काय लोणचं घालायचंय?

बेअरिंगचंच घ्या. एचएस (मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा) ८४८२.१० हा बॉल बेअरिंगचा कोड रशियाच्या युद्धसाहित्यासाठी सर्वाधिक महत्त्वाच्या ५० कोडांच्या यादीत आहे. युरोपातल्या विक्रेत्याकडून हा माल भारतात आणला तर करारात ‘रशियाला पुनर्निर्यात नाही’ हे कलम असायला हवं. रशियावरच्या निर्बंधांची संघाची नियमावली ८३३/२०१४, तिचं कलम १२-जी, लागू २० मार्च २०२४ पासून. नॉर्वे, स्वित्झर्लंड, जपान वगैरे भागीदार देशांना त्यातून सूट आहे, भारताला नाही. म्हणजे तोच माल पुढे इस्तंबूलच्या व्यापाऱ्यामार्फत रशियाला जाणार असेल, तर तुर्कीचा कायदा अडवत नसला तरी आपला करार अडवतो. इथेच घडवलेल्या बेअरिंगला १२-जी लागत नाही. पण रशियाला माल पोचवणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांनाही संघ यादीत टाकतो.

ती यादी कोणती, हेही बघा. संघाच्या एकत्रित आर्थिक निर्बंधांच्या यादीत फक्त मालमत्ता गोठवलेली नावं असतात. ८३३/२०१४ च्या चौथ्या परिशिष्टातली, म्हणजे ज्यांना माल विकण्यावर जास्त कडक बंधनं आहेत ती नावं तिथे शोधून सापडणार नाहीत. परिशिष्ट वेगळं उघडावं लागतं. रशियन नावांची स्पेलिंगं तीन-चार तऱ्हांनी टाकून पाहावीत. निम्म्या मालकीच्या नियमावरही (यादीतल्याची मालकी निम्म्याहून कमी, म्हणजे कंपनी मोकळी) विसंबू नये. वाडीनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीत रोसनेफ्ट या रशियन तेल कंपनीचा वाटा ४९.१३ टक्के, तरी १८ जुलै २०२५ च्या अठराव्या पॅकेजात कंपनीचं नाव थेट आलं. गुजरातेत बसून ‘हे तिकडचं आहे’ म्हणायची सोय तेव्हाच संपली.

स्वित्झर्लंड आणि ब्रिटन अलाइनमेंट निवेदनांत शोधू नका. स्वित्झर्लंड आपल्या एम्बार्गो कायद्याने संघाचे निर्बंध उचलतो, ब्रिटनची तर यादीच निराळी.

नकाशाला गुण पाचपैकी साडेतीन. त्यावर एक जादा थर टाकून सामील शेजाऱ्यांना फिकट रंग दिला असता तर चार देता आले असते. तोवर निवेदनांचं रजिस्टर हातानेच भरायचं, आणि शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्सचा कागद) फाइल करण्याच्या दिवशी पुन्हा एकदा उघडून पाहायचं.