सदुसष्टचा अंगठा: ग्रेड केलेल्या प्रूफ नाण्याचा दिवाळी ते गणपती अनुभव

गांधी शताब्दीचं दहा रुपयांचं चांदीचं नाणं तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे १५ ग्रॅम, ८० टक्के चांदी वगैरे पाढा पुन्हा म्हणत नाही. माझ्याकडचं मुंबई टांकसाळीचं प्रूफ आहे, म्हणजे संग्राहकांसाठी खास पॉलिश केलेल्या साच्यातून काढलेलं, मोकळी जागा आरशासारखी असलेलं; टांकसाळीची ‘बी’ खूणवालं. गेल्या दिवाळीनंतर एका एजंटामार्फत ते ग्रेडिंगला, म्हणजे दर्जा तपासून गुण मिळवायला, परदेशी पाठवलं आणि ७० पैकी ६७ घेऊन, स्लॅब म्हणतात त्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीत बसून आलं. ऑफिसात पेढे वाटले. यंदा गणपतीच्या आधी कपाट आवरताना स्लॅब हातात घेतला, तर काठाजवळच्या मोकळ्या आरशात चक्क अंगठा उमटलेला!

प्लास्टिकवरचा असेल म्हणून चष्म्याच्या फडक्याने पुसलं. पुढून पुसलं, मागून पुसलं. जाईल कसा, तो आत आहे. ट्यूबलाइटखाली नाणं अगदी साजूक दिसतं. पण टेबललॅम्पचा एकच दिवा ठेवून स्लॅब थोडा कलता केला की राखाडी-तपकिरी वळसे असे स्पष्ट दिसतात की आधार केंद्रावर घेऊन जावं.

एजंटाला फोन केला. “मॅडम, ते टोनिंग आहे. लोक टोनिंगचे जास्त पैसे देतात.” टोनिंग म्हणजे काळाने धातूवर आपोआप चढलेला रंग. अरे बाबा, त्याला भोवरे नसतात. मग म्हणाला, घरी हाताळलं असेल. सील केलेल्या स्लॅबच्या आत घरी कोण कसं हाताळणार, यावर मात्र त्याला रेंज मिळेना. नाणं त्याच्याकडे दिलं तेव्हा त्याने फोटोसाठी ते पाकिटातून उघड्या हाताने बाहेर काढलं होतं, माझ्यासमोर. बोटं काठावर होती की नाही हे शपथेवर सांगणार नाही, पण आमच्या घरातल्या सगळ्यांचे अंगठे स्लॅबशेजारी धरून पाहिले आणि एकही त्या मापाचा नाही. त्याचा मात्र चांगला रुंद आहे.

आधी मला ग्रेडिंग कंपनीचाच राग आला होता. एवढे पैसे घेता आणि अंगठा दिसत नाही? आता तो राग निम्म्यावर आलाय. ताजा ठसा सहसा दिसतच नाही. घामातलं मीठ आणि तेलकटपणा धातूवर बसून राहतो आणि सावकाश काम करतो. या नाण्यात चांदीच्या जोडीला तांबं आहे, आणि मुंबईचा पावसाळा आहेच. स्लॅब हवाबंद असतो हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. तो नाण्याला घासण्यापासून वाचवतो, दमटपणापासून पूर्ण नाही. आणि ग्रेडिंगनंतर वातावरणामुळे उठलेले डाग हमीत सहसा धरत नाहीत. म्हणजे अंगठा आधीचा, डाग नंतरचा, आणि भुर्दंड माझा.

आता ६७ या आकड्याबद्दल. १ ते ७० ही मोजपट्टी शेल्डन नावाच्या माणसाने १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी काढली. आज तीच आपल्या गांधीजींनाही लावतात. प्रूफचा हिशेब ६० पासून वर, त्याखालचं नाणं म्हणजे प्रूफच, पण वापरलेलं किंवा खराब हाताळलेलं. ७० म्हणजे पाचपट भिंगाखाली टांकसाळीतून निघाल्यानंतरचा एकही दोष नाही. थोडक्यात, आकडा मुख्यतः ओरखडे-डाग मोजतो. नाणं किती देखणं आहे हे वेगळं प्रकरण, आणि ते मला माझ्या दुसऱ्या नाण्याने शिकवलं.

ते दुसरं कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या प्रदर्शनात घेतलं. तेच नाणं, तीच टांकसाळ, ग्रेड फक्त ६४, पण लेबलवर ‘कॅमिओ’, म्हणजे आरशावर पांढरट उठलेलं चित्र. विक्रेत्याकडे ते तळाला पडून होतं, कारण ६४ कोण घेतो? मीही भाव पाडायचा म्हणून नाक मुरडलं आणि पडलेल्या भावात उचललं. घरी आणून दोन्ही शेजारी ठेवली तर ६७चे गांधीजी आरशात आरसा, सगळंच चकचकीत. ६४चे मात्र पांढरे, दाणेदार, काळ्या पाण्यावर उठून आलेले. कारण साधं आहे. प्रूफच्या साच्याची सपाट बाजू पॉलिश करतात आणि चित्राचा खोलगट भाग खरखरीत ठेवतात. साचा नवा असताना पडलेल्या नाण्यांवर ही पांढरट साय दाट येते, आणि ठोके वाढतील तशी विरत जाते. म्हणजे माझं ६७ बहुधा साच्याच्या उतारवयातलं आणि ६४ तरुणपणातलं.

मग त्याला ६४ का? हेअरलाइन्स, म्हणजे केसासारख्या बारीक रेषा. कधीतरी कुणीतरी मऊ फडक्याने ‘हलकंसं’ पुसलंय. आरशासारख्या पृष्ठभागाला हलकंसं असं काही नसतं. तरी भिंग लावण्याआधी मी त्यातल्या सगळ्याच रेषांना दोष देत होते, ते चुकीचं निघालं. काही रेषा उठावदार आहेत आणि अक्षराच्या कडेला येऊन थांबतात, अक्षरावर चढत नाहीत. त्या साच्याच्या पॉलिशच्या, टांकसाळीतच आलेल्या. ज्या खोल गेल्यात आणि मोकळ्या सपाट भागातून सरळ अक्षरावरूनही पुढे गेल्यात, त्या फडक्याच्या. एकाच दिव्याखाली नाणं गोल फिरवत गेलं की फडक्याच्या रेषा एका ठरावीक कोनात एकदम पेटतात आणि विझतात. प्रदर्शनात विक्रेते वरून दहा दिवे का लावतात हे तेव्हा कळलं. दहा दिव्यांत काहीच पेटत नाही.

प्लास्टिकला मी फार बोलले, तर त्याची एक बाजूही सांगते. श्रावणात भाचा आला होता, त्याने ६४ थेट लादीवर पाडलं. स्लॅबचा कोपरा उडाला, नाणं जिथल्या तिथे. सुटं असतं तर काठाला खोक पडली असती आणि मला रक्तदाब.

अंगठ्यावर उपाय सगळ्यांनी सुचवले. नवरा म्हणाला, “अगं, पितांबरीने घास ना.” सासूबाई चिंच घेऊन उभ्या होत्या. एजंट म्हणतो स्लॅब फोडून डिपमध्ये बुडवू आणि पुन्हा ग्रेडिंगला पाठवू. डिप, म्हणजे चांदी उजळवायचं रसायन, धातूचा वरचा थर खातं. माझ्या ६७वर मुळातच साय नाही, त्यात आरसाही मंदावला तर लेबलवर ‘क्लीन्ड’ लागेल आणि आकडाही जाईल. शुद्ध अ‍ॅसिटोन धातूला हात लावत नाही, तेल आणि पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांचा हिरवा चिकटा काढतं, पण ठसा एकदा धातूत उतरला की तेही हात टेकतं. वर पुन्हा फी, कमिशन, विमा, कुरिअर. हे सगळं मिळून नाण्यातल्या १२ ग्रॅम चांदीच्या कितीतरी पुढे जातं. पहिल्याच वेळी माझा जीव वर-खाली झाला होता.

तेव्हा ६७ फोडणार नाही. दोन्ही स्लॅब घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. लाकडी खण आणि वर्तमानपत्राची घडी बंद, डांबरगोळ्या त्या कपाटातून हद्दपार. नवीन घेणाऱ्यांनी विक्रेत्याकडून एका दिव्याखालचा, तिरका धरलेला व्हिडिओ मागावा, लेबलचा फोटो नको, लेबल सगळ्यांचं छानच येतं. सुटं नाणं कुणाच्या हाती द्यायचं असेल तर ते कॅप्सूलमध्येच, म्हणजे नाण्याच्या प्लास्टिकच्या डबीतच, द्या आणि कॅप्सूल उघडायची नाही असं पावतीवर लिहून घ्या.

एजंटाने आता पुढच्या खेपेचं कमिशन माफ करतो म्हटलंय. मी त्याला ६४चा फोटो पाठवला आणि पुढची खेप नाही असं कळवलं. त्यावर त्याचा प्रश्न आला: मॅडम, हे विकायचंय का?