पोस्ट की अर्ज?
कोरोनात सरकार कुठं चुकलं, हे साताऱ्यात पोवई नाक्यावर कुणालाही विचारा, तोंडपाठ असतं. जाहीर बोलायचे मार्ग दोन: फेसबुकवर पोस्ट किंवा माहिती अधिकारात अर्ज. फेसबुकवर लिहिलं की तासाभरात गावभर. ऑक्सिजन, बेड मागणाऱ्यांवर कारवाई नको, असं सर्वोच्च न्यायालयानंच ३० एप्रिल २०२१ला बजावलं होतं. तातडीला हाच मार्ग.

हिशेब मागायचा तर मात्र मी माहिती अधिकाराच्या बाजूचा. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला ३० दिवस. जिवाचा प्रश्न असेल तर ४८ तास. 'व्हेंटिलेटर किती आले, त्यातले किती चालू होते?' असं नेमकं विचारा. 'झोपला होतात का?' याला उत्तर येत नसतं! टोलवाटोलवी केली तर ३० दिवसांत पहिलं अपील ठोका.